कासच्या पठारावर दिवसाला ३००० माणसे : हा आकडा नेमके काय मोजतो?

पायवाट
साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घातलेली आहे आणि त्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. माझा आक्षेप मर्यादेला नाही, तिच्या मापाला आहे. पर्यटनस्थळाची धारणक्षमता, म्हणजे ते किती माणसे झेलू शकेल, हे काढण्याची जी पद्धत संशोधक सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये मांडली, तिच्यात उपलब्ध जागेत किती माणसे मावतील इथून सुरुवात होते, मग पाऊस, धूप अशा कारणांसाठी वजावट होते आणि शेवटी व्यवस्थापनाच्या कुवतीनुसार आकडा आणखी खाली येतो. हिशेब चोख आहे, पण त्यात जमीन मुख्यतः क्षेत्रफळ म्हणून येते. कासला जांभ्या खडकावर कुठे कुठे जेमतेम बोटभर माती आहे. सप्टेंबरात त्या भिजलेल्या मातीवर बूट पडला, की त्याखाली आलेली सीतेची आसवे आणि गेंद त्या हंगामापुरते तरी संपतात, कारण ही नखाएवढी फुले एका पावसाळ्याचीच धनी असतात. आखलेल्या वाटेने जाणारी हजार माणसे करणार नाहीत एवढे नुकसान फोटोसाठी फुलांत बसकण मारणारी दहा माणसे करतात. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधकांनी १९८५ मध्ये ‘स्वीकारार्ह बदलाची मर्यादा’ ही चौकट मांडली होती. तिच्यात किती बदल चालेल हे आधी ठरवायचे आणि मग माणसांऐवजी जागेची स्थिती मोजत राहायची. कासला तेच करावे, असे माझे मत आहे.

सातारकर
मत पटले नाही. आकडा ढोबळ आहे हे मान्य, परंतु तो ढोबळ असल्यामुळेच पाळता येतो. फाटकावर उभ्या असलेल्या मुलाला ‘आज ३००० झाले’ एवढे सांगता येते. ‘गेंदाची घनता घटली आहे’ असे सांगून तो पुण्याहून आलेली गाडी परत कशी पाठवणार? शिवाय तुमच्या मोजणीत घट दिसायला चार-पाच हंगाम जातील, आणि तोवर पाऊसच कमी झाला होता की माणसेच जास्त झाली होती, यावर वाद चालू राहील. इथले टोपली कारवीचे झुडूप साधारण सात वर्षांनी फुलते. मधल्या वर्षी मोजायला गेलात तर काय लिहिणार?

एकीवकर
दोघांचेही वाचले. आम्ही पठाराच्या अंगाखांद्यावरची माणसे. पर्यटक वाढले तेव्हा पठाराला कुंपण घातले गेले, त्यामुळे गुरे चरायची थांबली, गवत माजले आणि फुले झाकोळून गेल्याची ओरड सुरू झाली. अखेर काही वर्षांनी तेच कुंपण काढावे लागले. गुरे आणि गवत यांचे नाते आमच्या आजोबांना विचारले असते, तर जाळीचा खर्च तरी वाचला असता. हंगामात आमच्या गावांतली मुले वाट दाखवतात, पार्किंग सांभाळतात, फुलांत शिरणाऱ्यांना हटकतात. ही कमाई जेमतेम दीड-दोन महिन्यांची असते, त्यामुळे ‘हा भाग बंद’ असे ठरवताना त्याची झळ कोणाच्या चुलीला बसेल, हेही त्याच चौकटीत मोजले गेले पाहिजे.

जांभळी मंजिरी
एकीवकरांच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे, आणि कीटक पकडण्याची वेळ तिच्यावर येते ती पठाराच्या मातीत पोषणद्रव्ये अगदी कमी असल्यामुळे. तिथे शेण प्रमाणाबाहेर पडले तर हेच दारिद्र्य नाहीसे होते आणि धसमुसळ्या गवतांचे फावते. म्हणजे गुरे हवीत, परंतु किती आणि कोणत्या महिन्यात, याचे उत्तर आजोबांच्या आठवणीवर सोडता येणार नाही, कारण त्या काळी कळप किती मोठे होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. आणखी एक गोष्ट या चर्चेत सुटली आहे. कासला प्रवेश नाकारला गेला म्हणून माणूस घरी परत जात नाही. तो शेजारच्या पठारावर गाडी घालतो, जिथे ना फाटक आहे ना हटकणारे कोणी. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, त्यातल्या ३९ स्थळांत कास आहे; पण जांभा काही त्या हद्दीत संपत नाही.

पायवाट
कारवीबद्दल सातारकरांना एवढेच सांगतो, की मोजायची ती फुले नव्हेत, झुडपे. ती मधल्या वर्षांतही जागेवर असतात. बाकी, फाटकावरच्या मुलाचा मुद्दा मला खोडता येत नाही. ३००० चा आकडा राहू द्यावा, मात्र तो दर हंगामानंतर मोजणीवरून कमी-जास्त व्हावा, एवढी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो. मोजणीच्या चौकटी, म्हणजे झाडे मोजण्यासाठी आखलेले जमिनीचे लहान तुकडे, वाटेलगत, वाटेपासून दूर, गुरे चरतात तिथे आणि चरत नाहीत तिथेही आखाव्या लागतील. शेजारच्या बिनफाटकाच्या पठारावर त्या आखल्या नाहीत, तर कासच्या आकड्यांची तुलना कशाशी करणार?

एकीवकर
चौकटी आखायला या, पण नोव्हेंबरात येऊ नका. तोवर सगळे वाळून पिवळे झालेले असते आणि कुठे काय होते, ते आम्हालाही सांगता येत नाही.