शिवडीच्या कबरस्तानातल्या जुन्या कबरी कायम ठेवाव्यात की जागा आजच्या मयतांना द्यावी?

माझगावची_मुलगी: परवा शिवडीच्या ख्रिश्चन कबरस्तानात जाऊन आले, डोक्यातून जातच नाहीये. व्हीटी स्टेशन आणि समोरची महापालिकेची बिल्डिंग ज्यांनी डिझाईन केली ते स्टीव्हन्स इथे आहेत, १९०० साली वारले. गेटवे ऑफ इंडियावाले जॉर्ज विटेट इथे, गेटवे पूर्ण झाला १९२४ ला आणि हे १९२६ ला गेले. चित्रकार सूझा, कवी डॉम मोराएस पण इथेच. आणि आपले काका बाप्टिस्टा, टिळकांचे वकील, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष! माझं स्पष्ट मत आहे, शंभर वर्षांवरच्या सगळ्या कबरी हेरिटेज धरा, तिथे नवीन कोणाला पुरू नका.

डिसोजा_वसई: ताई, तुम्ही फिरून घरी आलात, आम्हाला तिथे परत परत जावं लागतं. मुंबईत बहुतेकांना कायमची कबर मिळतच नाही. काही काळाने कबर उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे छोट्या कोनाड्यात, ठेवतात आणि वर नावाची एक छोटी फरशी. माझ्या बाबांचं असंच झालं आणि आईला ते समजावताना माझे जे हाल झाले ते मलाच माहीत. मग ज्याच्यासाठी मेणबत्ती लावायलाही कोणी उरलं नाही त्या साहेबाची जागा कायमची, आणि बाबांना मुदत? हे मला नाही पटत.

जुने_दगड: दादा, तुमचं दुःख समजतं, पण उरलं नाही कोणी म्हणूनच तर दगड जपायचा ना. स्टीव्हन्सचं सोडा, त्यांचं स्टेशन उभं आहे. पण कॉलऱ्याने, प्लेगने गेलेली लहान मुलं, बोटीवरचे खलाशी, रेल्वेतले साधे फिटर, अशा लोकांचा पत्ता कित्येकदा फक्त त्या दगडावर असतो, नाव, वय, कशाने गेला, आणि तो दगड फुटला की माणूस दुसऱ्यांदा गेला.

गिरणगाव७७: आठवण ठेवायला जागा अडवून ठेवायलाच हवी असं कुठे आहे? मोराएस २००४ ला गेले, त्यांच्या कबरीतली थोडी माती इंग्लंडमधल्या ऑडकोम्ब गावात नेली, तिथे त्यांचा स्मृतिदगड आहे. बाप्टिस्टांच्या नावाची माझगावच्या टेकडीवर बाग आहे, तिथे रोज माणसं जातात. शिवडीला किती जातात?

माझगावची_मुलगी: त्या बागेत मी लहानपणी खेळले, बाप्टिस्टा कोण ते मात्र कॉलेजात कळलं, त्यामुळे नुसत्या नावाने आठवण राहते हे मला मान्य नाही. डिसोजादादा, तुमचं वाचून एवढं मात्र मागे घेते की सगळ्याच कबरी अडवाव्यात. दगड तिथेच भिंतीला लावून ठेवा, प्रत्येकाचा फोटो आणि मजकूर उतरवून घ्या, मग जागा द्या. बाप्टिस्टांची मात्र हलवू नये, यावर मी ठाम.

जुने_दगड: भिंतीला लावलेला दगड म्हणजे नुसती पाटी हो, खाली माणूस असला तरच ती कबर. मी नाही सहमत.

डिसोजा_वसई: आमच्या बाबांची पण आता पाटीच आहे, आणि आई रोज त्यांच्याशी बोलते. मजकूर उतरवायला मी येतो ताई, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर. फक्त कोणाचं मयत आलं की कॅमेरे बंद करून बाजूला उभं राहायचं.