दोन गाई गाभडल्या अन् बाबाले दीड महिन्यापासून ताप, याचा काही संबंध असू शकते का?

देवळीकडचा_पोट्टा
नमस्कार मंडळी, लांबलचक लिहून रायलो पण पूर्ण वाचा. आमच्याकडे चार गाई, एक म्हैस अन् पाच-सात बकऱ्या. दिवाळीनंतर एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, आम्ही म्हटलं दुसऱ्या ढोरानं शिंग मारलं असंल. महिन्याभरात तिच्या बाजूले बांधलेली दुसरी, तीबी सातव्यातच. दोघींचीबी वार पडली नाही, बाबानं हात घालून ओढून काढली, साबणानं हात धुतले अन् जेवायले बसले. आजी म्हणते नजर लागली, कोठ्याच्या दाराले लिंबू-मिरची बांधून ठेवली.

आता बाबाचं. सकाळी माणूस चांगला, वावरात जाऊन येते, अन् चार वाजले का अंग मोडून ताप. रात्री एवढा घाम का बनियन पिळून घ्या. कंबर अन् गुडघे धरून बसते. विडाल काढली, टायफॉईड सांगितला, दहा दिवस सलाईन-गोळ्या, बरं वाटलं, पंधरा दिवसानं पुन्हा तेच. मलेरिया दोनदा निगेटिव्ह, डेंगू नाही, जेवण तुटलं, वजन सहा किलो उतरलं. डॉक्टरनं गाईचं विचारलं नाही अन् आम्हीबी सांगितलं नाही, ताप बाबाले हाय तर गाईचं काय सांगाचं? पण आता मले शंका येऊन रायली.

बकरीवाला_आर्णी
भाऊ, हे तर माझंच लिहिल्यासारखं वाटलं. मले तीन वर्षाआधी हेच झालं, फक्त माझ्या बकऱ्या होत्या, चौथ्या महिन्यात एकामागून एक पाच गाभडल्या. ताप यायचा, आठ दिवस गायब, पुन्हा यायचा. घरचे म्हणत हा कामाचा कंटाळा करते, कारण दिवसा पाहिलं तर मी धडधाकट. मग एका बाजूचं अंड सुजलं, ते तर शरमेनं पंधरा दिवस कोणाले सांगितलंच नाही. नागपूरले एका डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, घरी जनावरं आहेत का. रक्त तपासलं तर ब्रुसेला निघाला, ढोरायपासून माणसाले लागणारा जंतू. सहा आठवडे डॉक्सी अन् रिफाम्पिसिनच्या गोळ्या. त्यानं लघवी नारिंगी होते, बाबाले आधीच सांगून ठेव नाहीतर घाबरतीन. अन् अर्ध्यात बरं वाटते तिथं गोळ्या सोडू देऊ नको, मी सोडल्या अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या.

पशु_पर्यवेक्षक
मी पशुसंवर्धनात पर्यवेक्षक आहे. गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली आणि तेच दुसऱ्या गाईला झालं, की आमच्या डोक्यात पहिलं नाव ब्रुसेलोसिसचं, म्हणजे याच ब्रुसेलाच्या रोगाचं, येतं. कधी गुडघ्यावर पाण्याची गाठ दिसते, वळूचं अंड सुजतं. पण लेप्टो नावाच्या दुसऱ्या रोगानंसुद्धा गाई गाभडतात, म्हणून रक्त तपासल्याशिवाय नाव पक्कं करू नका. जनावरांसाठीच्या १९६२ या सरकारी नंबरला फोन लावा, नाहीतर तालुक्याच्या ढोरायच्या दवाखान्यात सांगा, नमुना घेतील.

खरी फसवणूक पुढं आहे. अशी गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते, पुढच्या वेळी व्यवस्थित विते, मालक म्हणतो बरी झाली. ती बरी झालेली नसते, दुधातून आणि वितानाच्या पाण्यातून जंतू टाकत राहते. तुमच्या बाबांनी वार उघड्या हातानं काढली ना, त्यात जंतू अक्षरशः खच्चून असतात, हाताला पऱ्हाटीचा एक ओरखडा असला तरी बस. मेलेलं वासरू आणि वार कुत्र्याला टाकू नका, खोल खड्डा, वरून चुना. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस मिळते, २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात फुकट आहे. गाभण गाईला मात्र ती टोचायची नाही, आणि गोऱ्ह्यालाही नाही.

जुना_वऱ्हाडी
काहीही सांगता राव. आमच्या आज्यानं जन्मभर धारोष्ण दूध पेलं, ९२ वर्षं जगला. हे सगळं गोळ्या विकाचं काम हाय.

पशु_पर्यवेक्षक
काका, आजोबांच्या गाई निरोगी असतील, दूध कशाला वाईट म्हणू. पण माल्टा बेटावर इंग्रज शिपायांना हाच ताप यायचा. डेव्हिड ब्रूस नावाच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये जंतू शोधला, तरी तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. बकऱ्या दिसायला ठणठणीत आणि जंतू त्यांच्या दुधात! १९०६ मध्ये शिपायांचं बकरीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं उतरला. दूध उकळून प्या एवढंच म्हणतोय, उकळलं की जंतू मरतो.

नर्सताई_वर्धा
दादा, वेळ नको घालवू, बाबाले सेवाग्रामले घेऊन जा. अन् ओपीडीत बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोल का आमच्या दोन गाई गाभडल्या अन् बाबानं हातानं वार काढली. हे सांगितलं नाही तर डॉक्टर टायफॉईड-मलेरियातच फिरत रायते, त्याचीबी चूक नाही, सुरुवातीले लक्षणं सारखीच दिसतात. विडालवर एवढा भरवसा ठेवू नको, ती बऱ्याचदा फसवते. कंबरदुखी साधी समजू नको, हा जंतू मणक्यात बसते. घरी कोणी गरोदर हाय का? असंल तर तिले कोठ्यात पाठवूच नको. बाकीच्यायनं कच्चं दूध पेलं असंल अन् ताप येत असंल तर त्यायचंबी रक्त तपासून घे.

देवळीकडचा_पोट्टा
अपडेट देतो मंडळी. ताईनं सांगितलं तसंच बोललो, डॉक्टरनं पेन खाली ठेवला अन् पूर्ण ऐकून घेतलं. बाबाचा रिपोर्ट ब्रुसेला पॉझिटिव्ह आला, गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवड्यानं पुन्हा बोलावलं. गाईंचं रक्त नेलं, दोघीबी पॉझिटिव्ह. वहिनीले सहावा महिना हाय, तिले माहेरी पाठवलं. शेजारचा म्हणते बाजारात विकून टाक, कोणाले काय समजते. बाबा म्हणतात मी ज्यानं मराले टेकलो ते दुसऱ्याच्या दावणीले नेऊन बांधू का? अन् डॉक्टरनं गोळ्यायची चिठ्ठी हातात दिली तर त्यायनं विचारलं, ह्याच गोळ्या गाईले चालतात का. पर्यवेक्षक साहेब, चालतात का?

पशु_पर्यवेक्षक
नाही रे. जनावरात आपण याचा इलाज करत नाही, गोळ्यांनी जंतू निघून जात नाही. त्या दोघी वेगळ्या बांध, सगळ्यात शेवटी पाज-पिळ, हातमोजे घाल, आणि पुन्हा गाभण करू नको. बाबांना सांग, त्या गोळ्या त्यांनीच पूर्ण खायच्या आहेत.