बेकेट नमकहराम होता?

रामबागची
गेल्या रविवारी आमच्या वाचनात कुसुमाग्रजांचं ‘बेकेट’ हे नाटक घेतलं होतं, बाराव्या शतकातला इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि त्याचा मित्र बेकेट यांचं. मध्यंतरात पोहे-चहा झाला आणि तिघं उठून गेले. जाणाऱ्याला कोण अडवणार. पण त्यातल्या एकांनी रात्री या ग्रुपवर लिहिलं, “राजानं ज्याला मित्र मानून चान्सलर केलं, आर्चबिशप केलं, तोच राजावर उलटला. असल्या नमकहरामाचं कौतुक ऐकायला मी तीन तास बसणार नाही.” ते वाचल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

बेकेट उलटला नाही. त्यानं आधी बजावलं होतं. आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, वारल्यावर हेन्रीला सुचतं, त्या गादीवर आपलाच माणूस बसवू, म्हणजे चर्च मुठीत आलं. तो आनंदानं नाचायचाच बाकी राहतो आणि इकडे बेकेटचा चेहरा उतरतो. मी तिथे बसलो तर तुमचा मित्र राहू शकणार नाही, असं तो तोंडावर सांगतो. राजानं ऐकलं नाही, यात फसवणूक कुठे आली?

ग्वेंडोलेनचा प्रसंग तर पोह्यांच्या आधीच झाला होता, तुम्ही खुर्चीत होतात. राजा एका गरीब सॅक्सन मुलीला उचलायला निघतो. बेकेट तिला स्वतःसाठी मागून घेतो, म्हणजे वाचवतो. राजा म्हणतो, दिली, पण परतफेड करावी लागेल. परतफेडीत तो बेकेटची प्रेयसी ग्वेंडोलेनच मागतो. बेकेट शब्द पाळतो, ती जाते आणि जीव देते. मग राजा भेदरून बेकेटच्याच खोलीत झोपायला येतो! हे पान मी वाचत होते, माझा आवाज अडकला. ज्याचं घर जाळलं त्याच्याच ओसरीवर निजायला येणारा हा माणूस मला दुष्ट वाटत नाही, अजाण वाटतो.

नाटकातला बेकेट सॅक्सन, हरलेल्या जमातीतला. जेत्या नॉर्मनांच्या दरबारात त्याला मिळालेला मान सगळा उसना, राजाच्या मर्जीवरचा. आर्चबिशप झाल्यावर पहिल्यांदा सांभाळायला असं काही मिळालं की जे राजा परत मागू शकत नव्हता. फ्रेंच नाटककार झाँ अनुईच्या मूळ नाटकाच्या नावातच ‘देवाचा मान’ आहे.

अर्ध्यातून उठलेला
मीच तो. लिहिलेला एकही शब्द मागे घेत नाही.

माझे वडील मोहल्ल्यातल्या एका पतपेढीचे अध्यक्ष होते. बालमित्राला त्यांनीच सचिव केलं. दोघं एका सायकलवर मिलमध्ये जायचे, पुढच्या दांडीवर डबे अडकवलेले. मिल बंद पडली, त्याच वर्षी आत्याचं लग्न ठरलं. वडिलांनी कर्जाची मुदत वाढवून मागितली. त्या मित्रानं, आम्ही त्यांना काका म्हणायचो, अर्जावर लाल शाईनं लिहिलं, ‘दोन जामीनदार हवेत’, शिक्का मारला आणि अर्ज माझ्या हातात परत दिला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. शिक्क्याची शाई ओली होती, ती माझ्या सदऱ्याला लागली. आईच्या पाटल्या विकून लग्न झालं.

काकांनी नियम पाळला, हे मला पण कळतं. पण ती खुर्ची त्यांना दिली कुणी? रविवारी आर्चबिशप झाल्यावर बेकेट चान्सलरकीची मोहोर राजाकडे परत पाठवतो, तिथपर्यंत आलो आणि मला बसवेना. सगळी दुनिया बेकेटसाठी रडते. ज्याच्या हातात मोहोर परत आली त्याच्यासाठी कोण रडतं?

काळा कोट
रामबागच्या ताई, मला पण राजाचीच बाजू पटते, पण कारण कायद्याचं आहे.

खरं भांडण बघा. पाद्र्यानं खून केला तरी खटला चर्चच्या कोर्टात चालायचा आणि तिथे देहदंड नव्हता. फार झालं तर पाद्रीपण काढून घ्यायचे. हेन्रीचं म्हणणं होतं, दोषी ठरला की माझ्या कोर्टाकडे द्या. ११६४ च्या क्लॅरेंडनच्या करारात हेच होतं. बेकेट म्हणाला, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्यानं जायचं कुठे? मी ३० वर्षं फौजदारी करतो आहे. ‘आमच्या माणसाचा निवाडा आम्हीच करू’ म्हणणारे रोज भेटतात, आणि त्यांच्या तोंडी नेहमी देवाचं नाव नाहीतर जातीचं नाव असतं.

दुसरं, खरा बेकेट सॅक्सन नव्हताच. लंडनच्या नॉर्मन व्यापाऱ्याचा मुलगा. अनुईनं एका जुन्या इतिहासग्रंथावर भरवसा ठेवला. नाटक लिहून झाल्यावर चूक कळली, तरी त्यानं तसंच ठेवलं. तेव्हा तुमचा ‘हरलेल्या जमातीचा उसना मान’ नाटककाराच्या चुकीवर उभा आहे.

रामबागची
चूक होती हे मान्य. ठेवली ते बरंच केलं. त्या चुकीशिवाय हे नाटक उभंच राहिलं नसतं, दोन नॉर्मन साहेबांचा अधिकारावरून वाद एवढंच उरलं असतं. क्लॅरेंडनबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही. तिथे हेन्री बरोबर असेलही. पण बरोबर असलेल्या राजाच्या चार सरदारांनी २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या चर्चमध्ये तलवारीनं माणूस कापला. त्या निवाड्याचं कलम कुठलं?

सिनेमावाली मावशी
हृषीकेश मुखर्जींचा १९७३ चा ‘नमक हराम’ ह्याच नाटकावरून घेतलाय. राजेश खन्ना मित्राच्या कारखान्यात युनियनमध्ये शिरतो मित्रासाठी आणि होऊन जातो मजुरांचा. मिलवाल्या इंदूरला तो लगेच समजला होता. आमच्या चाळीत बायका पदर लावून रडल्या, खन्नासाठीही आणि बच्चनसाठीही. कुणी एकच बाजू घ्यायची असं तेव्हा ठरलेलं नव्हतं.

लष्करकर
मी ग्वाल्हेरचा, नोकरीमुळे इंदुरात. मैत्री आणि मान यासाठी इंग्लंड कशाला, कुंभेर घ्या ना. १७५४ ला मराठ्यांनी जाटांच्या या किल्ल्याला घातलेला वेढा. सुरजमल जाटाच्या राणीनं नवऱ्याची पगडी जयाप्पा शिंद्यांकडे पाठवली, भाऊ माना म्हणून. जयाप्पांनी मानलं आणि तह घडवला. याला म्हणतात शब्द. आणि मल्हारराव होळकरांनी १७५७ ला दिल्लीत हाती आलेल्या नजीबखान रोहिल्याला धर्मपुत्र म्हणून सोडवलं. त्याच नजीबनं अब्दालीशी संधान बांधलं आणि १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. दत्ताजींचे वडील राणोजी शिंदे मल्हाररावांचे सोबती. त्यांच्या पोराच्या वाट्याला हे यावं?

राजवाड्यामागचा
लष्करकर, कुंभेर काढलंत ना, मग पूर्ण सांगा. त्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता एक खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेला. अहिल्याबाई २८ वर्षांच्या. सती निघालेल्या सुनेपुढे म्हाताऱ्या सासऱ्यानं पदर पसरला, तेव्हा त्या थांबल्या. अशा घरात सुतक असताना शेजारच्या तंबूत जाटाची पगडी कवटाळून तहाची बोलणी? ही मैत्री? आणि शब्दाची गोष्ट तुम्ही तर करूच नका. १८०१ ला सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं ते कुणाच्या फौजा घेऊन? शिंद्यांच्याच.

लष्करकर
त्याच्या तीनच महिने आधी यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटलं होतं, ते खाऊन टाकलंत? आणि पानिपतातून कोण निघून गेलं, हे मला सांगायला लावू नका.

राजवाड्यामागचा
पानिपतावर हात घालू नका. हरलेल्या लढाईतून मल्हाररावांनी फौज वाचवून आणली म्हणून पुढे माळव्यात मराठी घरं टिकली. तुम्ही आज विजयनगरात फ्लॅट घेऊन राहता ना, ते कुणाच्या गावात?

लष्करकर
घर मी हप्त्यांवर घेतलंय, होळकरांकडून इनामात नाही.

काळा कोट
दोघंही थांबा. वीस निरोपांत बेकेटचं नाव नाही. पण लष्करकरांचा मुद्दा मला सोडवत नाही. कुंभेरचे जयाप्पा म्हणजे बेकेटच की. पगडी हातात आली, त्या दिवसापासून ते नुसते मल्हाररावांचे सोबती राहिले नाहीत. एकाचं दुःख खरं आणि दुसऱ्याचा शब्दही खरा. राजवाड्यामागचे साहेब, तुम्ही हेन्रीच्या जागेवरून बोलताय, आणि मी कालपासून हेन्रीची वकिली करतोय, म्हणून मला ते चांगलं ऐकू येतंय.

राजवाड्यामागचा
जयाप्पा शब्दात अडकले, इतकं मानतो. याच्या पुढे नाही. आमच्या घरात खंडेरावांची पुण्यतिथी पाळतात, तिथे मी हे तोंडातून काढणार नाही.

रामबागची
अर्ध्यातून उठलेले दादा, तुमच्या वडिलांचं वाचून मी दिवसभर काही लिहू शकले नाही. नमकहराम शब्दावरचा माझा राग तसाच आहे. पण तुम्ही उठून गेलात त्यानंतरचं पान ऐकाच. कित्येक वर्षांनी दोघं गोठलेल्या माळरानावर भेटतात, आजूबाजूला कुणी नाही, दोघंही घोड्यावर. राज्य, चर्च, करार सगळं बोलायचं असतं. आणि सुरुवात कशानं होते, तर तू म्हातारा दिसायला लागलास, तुला थंडी वाजते का, यानं. घोड्यावरून कुणी उतरत नाही. हेन्रीसाठी कोण रडतं विचारलंत ना? नाटक त्याच्यापासूनच सुरू होतं. बेकेटच्या थडग्याशी उघड्या अंगानं, साधूंचे फटके खायला आलेला तो एकटा माणूस. इतिहासातही ११७४ ला त्यानं हे प्रायश्चित्त घेतलं. तुमच्या बाजूचं रडणं नाटककारानं पहिल्याच पानावर ठेवलंय.

अर्ध्यातून उठलेला
पहिल्या पानाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी उशिरा आलो होतो, पार्किंग मिळालं नाही.

काका अजून आहेत, तीन गल्ल्या सोडून. वडील गेले त्या दिवशी फाटकापाशी चपला हातात घेऊन उभे होते, आत आले नाहीत. मी ‘या’ म्हटलं नाही. नाटक म्हणून बेकेट समजेल कदाचित, काकांना मी अजूनही नमस्कार करत नाही, करणारही नाही. नमकहराम शब्द तेवढा बेकेटसाठी मागे घेतो.

उरलेलं वाचन कधी आहे?

रामबागची
या रविवारी, चार वाजता. माळरानाचा प्रवेश आधी घेऊ. हेन्री वाचायला कुणी नाही, मागच्या वेळी वाचणाऱ्यांचा घसा बसलाय. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा, आत जागा मिळत नाही.

लष्करकर
मी पण येतो. कुंभेरचं बोलणं अर्धवट राहिलंय.