मदत हवी आहे : आप्पांना पॅरालिसिस झालाय, स्टेम सेलसाठी दादा ट्रॅक्टर विकायचा म्हणतोय

नमस्कार मंडळी, इथं बरीच वर्षं नुसतं वाचते, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही असं वाटतंय.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ६३, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आमची. फेब्रुवारीत ऐन माल काढायच्या धांदलीत पहाटे ओट्यावर चहा पिताना त्यांच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली. बीपीच्या गोळ्या दिवाळीनंतर त्यांनी आपल्या मनानेच बंद केल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. मी नाशिकला इंदिरानगरला असते, मला फोन आला तो दोन तासांनी. तोपर्यंत वस्तीवरचं कुणीतरी कबुतर घेऊन आलं होतं, त्याचं रक्त चोळलं की लकवा उतरतो म्हणे, आणि त्यात नि गाडी मिळेपर्यंत मिळून सहा तास गेले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, डाव्या बाजूला गुठळी अडकलेली होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला त्या दिवशी कॅज्युअल्टीच्या दारात कळलं. नंतर वाचलं की काही पेशंटमध्ये तार घालून गुठळी ओढून काढतात आणि स्कॅन बघून ते २४ तासांपर्यंतही करता येतं, पण आम्हाला तसं कुणी बोललं नाही आणि आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं. आता तो हिशोब करून उपयोग नाही, तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच डोक्यात येतो.

आता साडेपाच महिने झाले. आप्पा माझ्याकडेच आहेत, कारण फिजिओ इथे आहे. चार पायांची काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात. उजवा हात मात्र छातीशी दुमडलेला, मूठ घट्ट, आई रोज कोमट पाण्यात एकेक बोट सोडवते आणि मधे रुमालाची गुंडाळी ठेवते. बोलण्याचं म्हणाल तर एकच शब्द उरलाय, ‘बरंका’. भूक लागली तरी बरंका, राग आला तरी बरंका, दादाशी फोनवर बोलताना रडू आलं तरी बरंका. समजतं सगळं. टोमॅटोचा भाव चुकीचा सांगितला तर मान हलवतात.

आणि एक गोष्ट जी मला कळतच नाही. संध्याकाळी आई दिवा लावून आरती म्हणते तेव्हा आप्पा तिच्याबरोबर म्हणतात. अख्खे शब्द! सगळे नाही, पण ओळीच्या ओळी. आरती संपली की पाणी मागायलासुद्धा परत बरंका. पहिल्यांदा झालं तेव्हा आई ताट तिथेच ठेवून रडायला लागली.

आता मूळ प्रश्न. दादाला व्हॉट्सॲपवर एका सेंटरचा व्हिडिओ आला, नाव लिहीत नाही. माणूस व्हीलचेअरवरून उठून चालतो असा. त्याने फोन केला आणि तेव्हापासून त्यांची एक मॅडम रोज त्याला फोन करते. कंबरेच्या हाडातून मज्जा काढणार, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, वेगळ्या करणार आणि पाठीच्या कण्यातून आत सोडणार, असं तीन वेळा, साडेसहा लाख. आणि वर हे की सहा महिन्यांनी मेंदूची दारं बंद होतात, त्याआधी आलात तरच फायदा. म्हणजे आमच्या हातात दोन आठवडे. दादाने ट्रॅक्टर आणि ब्लोअरला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आहे, ब्लोअरशिवाय फवारणी कशी करणार विचारलं तर म्हणतो, भाड्याने आणू, बाप परत भाड्याने मिळणार आहे का. यावर मी काय बोलू?

मी महिनाभर जमेल तसं वाचतेय. आपल्याच देशात, पाच हॉस्पिटलांत मिळून १२० पेशंटवर असाच प्रयोग नीट झालाय, २०१४ मध्ये तो छापून आला. अर्ध्या लोकांना त्यांच्याच मज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, अर्ध्यांना नाही. त्रास काही झाला नाही, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. आणि ते लोक झटक्यानंतर साधारण अडीच-तीन आठवड्यांचे होते, आप्पांना तर साडेपाच महिने झालेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत असंही आहे की रक्ताच्या काही आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच, म्हणजे उपचार लागू पडतो का हे तपासायच्या रीतसर प्रयोगातच, देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. मग हे साडेसहा लाख कशाचे? हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, तू शिकलेली आहेस, तुला कागद दिसतात, मला आप्पांचा हात दिसतो.

तर मला विचारायचंय की नाशिकमधल्या किंवा आसपासच्या कुणी हे केलंय का, खरं काय झालं ते सांगा, चांगलं झालं असेल तरी सांगा. खरी ट्रायल कुठे चालू आहे ते कसं शोधायचं? मानेतल्या नसेला मशीन लावून हात सुधारतो असं वाचलं, ते काय आहे? आणि मराठीत स्पीच थेरपी देणारं कुणी? सगळ्यात जास्त म्हणजे, दादाला कसं सांगू. तो वाईट नाही हो. त्या पहाटे आप्पांच्या जवळ तोच होता.

*

ओझरकर :
ताई, माझ्या आईचं २०१९ ला केलंय, वेगळ्या ठिकाणी, चार लाख ऐंशी हजार. खरं सांगतो. तिथे दहा दिवस ठेवून घेतलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-साडेतीन तास व्यायाम करून घ्यायचे. घरी आली तेव्हा पाय जरा चांगला टाकत होती, आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांत होती तशी. नंतर डोक्यात आलं की घरी आम्ही आठवड्यातून तीनदा अर्धा तास फिजिओ देत होतो, तिथे रोज तीन तास मिळाला, फरक त्याचाच असणार. तेवढ्या पैशात वर्षभर घरी माणूस ठेवता आला असता. आई गेल्या वर्षी गेली. तुमच्या भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप करा, मी पण मोठाच मुलगा आहे घरातला.

मळेवाला :
माझ्या मेव्हण्याला पुण्याला इंजेक्शनं दिली आणि तो आज मोटारसायकल चालवतो. सगळंच खोटं असतं असं नाही. भावाचा जीव तुटतोय, त्याला अडवू नका एवढंच म्हणेन.

फिजिओ_गंगापूररोड :
@मळेवाला, मेव्हण्यांना झटक्यानंतर किती दिवसांनी दिलं होतं? पहिल्या तीन-चार महिन्यांत बरेच पेशंट काहीही इंजेक्शन न देता झपाट्याने सुधारतात. म्हणून तर दोन गट करून बघावं लागतं, नाहीतर श्रेय कशाला द्यायचं तेच कळत नाही. ते बरे आहेत याचा आनंदच आहे.

ताई, मी १४ वर्षं स्ट्रोकचेच पेशंट बघतेय. सहा महिन्यांनी दार बंद होतं हे धादांत चूक आहे. वेग कमी होतो, हे खरं. पण वर्षानंतर, दोन वर्षांनंतरही मेहनतीने हातात फरक पडलेला मी पाहिलाय. तुम्ही म्हणता ते मानेच्या नसेचं, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन, त्याच्या ट्रायलमध्ये तर झटक्याला निदान नऊ महिने झालेलेच लोक घेतले होते, काहींना तर कितीतरी वर्षं झालेली! दार बंद होत असतं तर त्यांचा हात सुधारलाच नसता.

आता आप्पांसाठी. त्यांचा हात टेबलाच्या कडेला ठेवा, पंजा खाली लोंबू दे, आणि बघा मनगट स्वतःहून थोडं तरी वर येतं का, बोटं जराशी तरी उघडतात का. येत असेल तर चांगल्या हाताला पिशवीसारखा मोजा घालून दुखऱ्या हाताकडूनच कामं करून घ्यायची पद्धत आहे, तिला मोठ्या ट्रायलचा आधार आहे, २००६ मध्ये अमेरिकेत २२२ पेशंटवर झाली, तीन ते नऊ महिने झालेले लोक. रोज काही तास, दोन आठवडे, नेटाने. मनगट अजिबात येत नसेल तर ती नको, मग आरसा ठेवून करायचे व्यायाम आणि घट्टपणासाठी डॉक्टरांना बोटॉक्सबद्दल, म्हणजे स्नायू सैल करायच्या इंजेक्शनबद्दल, विचारा. आणि कृपा करून उठवताना उजव्या दंडाला धरून किंवा बगलेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधा आणि पट्ट्याला धरा.

निवृत्त_भिषक :
मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, फिजिशियन होतो, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. पण तुमच्या बंधूंना एक उदाहरण सांगा. फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची स्वस्त गोळी. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ११८ पेशंटवर अभ्यास झाला, हातपाय चांगले सुधारले असं दिसलं. आम्ही सगळे लिहून द्यायला लागलो, मीसुद्धा. मग २०१९ ला ब्रिटनमध्ये ३१२७ पेशंटवर तीच गोळी तपासली, हालचालीत फायदा नाही, उलट हाडं मोडायचं प्रमाण वाढलं. पहिल्या अभ्यासातली माणसं खोटारडी नव्हती. थोड्या लोकांत चांगलं दिसलेलं जास्त लोकांत टिकेलच असं नाही, एवढंच. स्टेम सेलची गाडी अजून तिथेच अडकलेली आहे. जपान, अमेरिका, ब्रिटन, सगळीकडे प्रयोग चालू आहेत, ते व्हायलाच हवेत, पण ट्रॅक्टर विकून नव्हे.

ट्रायल शोधायची तर सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून, कुणालाही फुकट बघता येते. आजाराचं नाव टाका, राज्य बघा, पेशंट घेणं चालू आहे का ते लिहिलेलं असतं. त्या मॅडमना फोनवर एकच विचारा, तुमचा सीटीआरआय नंबर काय. सीटीआरआय, मग साल, महिना आणि सहा आकडे असा असतो. आणि विचारा की प्रयोगाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी कोणती, आणि काही बिघडलं तर खर्च कुणाचा. खऱ्या ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, २०१९ च्या नियमांत तसं आहे. हे प्रश्न बंधूंनीच विचारावेत, तुम्ही नको.

व्हेगस नर्व्हचं म्हणाल तर छातीत कातडीखाली यंत्र बसवतात, तार मानेत, आणि व्यायामाच्या प्रत्येक हालचालीला थेरपिस्ट बटण दाबतो. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, १०८ जणांच्या ट्रायलवर. यंत्र सगळ्यांनाच बसवलं होतं, पण ते खरोखर चालवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना जाणवण्याइतका फरक पडला, नुसतं नावापुरतं चालवलेल्यांत २४ टक्क्यांना. म्हणजे निम्म्यांना नाहीच, आणि व्यायाम तर दोघांनाही होता.

आरतीचं ऐकून बरं वाटलं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांत डावीकडे, सुरांचं काम बरंचसं उजवीकडे, शिवाय पाठ झालेलं वेगळ्या वाटेने बाहेर पडतं. १९७३ पासून यावर एक थेरपी आहे, सुरात बोलायला शिकवतात, डाव्या हाताने ताल धरून. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत स्पीच थेरपी मिळते, एकदा तपासून घ्या, मग घरी काय करायचं ते तेच शिकवतील. आणि ते रडतात म्हणालात, स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, हे डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. नैराश्यासाठी गोळी देणं ही वेगळी गोष्ट, ती लागली तर जरूर द्यावी.

*

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार, नऊ दिवसांनी लिहितेय. @ओझरकर, तुम्ही दादाशी तासभर बोललात, तो फोन ठेवून बराच वेळ बागेत बसला होता असं वहिनी म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच त्या मॅडमना नंबर विचारला. आधी म्हणाल्या पाठवते, मग म्हणाल्या तो पेशंटला द्यायचा नसतो, मग म्हणाल्या या आठवड्यात आलात तर पन्नास हजार कमी करू. दादाने मला एवढंच सांगितलं, पन्नास हजार कमी करतायत, आणि गप्प झाला. ट्रॅक्टर अजून दारात आहे. त्याचं मन पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही, सीटीआरआयवर तो पोराला बसवून रोज शोधतोय, आणि मी पण म्हटलं शोध, मिळाली खरी तर आपण जाऊच.

मनगटाचं करून बघितलं. अगदी थोडं, अर्ध्या बोटाइतकं वर येतं, आईला आधी पटेना म्हणून तीनदा करून दाखवलं. फिजिओ म्हणाले अजून थोडं वाढलं की मोज्याचं सुरू करू, तोवर आता रोज. पट्टा आणलाय. डॉक्टरांना रडण्याचं सांगितलं, त्यांनी गोळी सुरू केलीये.

काल वांद्र्याला जाऊन आलो, दादा सोबत होता. तिथल्या बाईंनी आप्पांचा डावा हात हातात घेतला, टेबलावर थाप दिली आणि ‘पाऽ-णी’ असं दोन सुरांत म्हणाल्या. असं वीस-पंचवीस वेळा झालं असेल. आप्पांचं ‘पा’ आलं, मग बरंका, मग परत ‘पा’. घरी येताना कसाऱ्याच्या पुढे आप्पांनी मांडीवर थाप दिली आणि म्हणाले पाणी. दादा ड्रायव्हरच्या शेजारी होता, बाटली त्याच्याकडेच होती.

अजून एक विचारायचं राहिलं, असे सुरातले शब्द रोज किती घ्यायचे, एकच पक्का करायचा की चार-पाच एकदम? पुढची तारीख महिन्याने मिळालीये, तोवर चुकीचं काही करायला नको.