मदत हवी आहे : फुफ्फुसातली गाठ, 'नॉर्मल फ्लोरा'चा रिपोर्ट आणि बॅक्टेरियाची तपासणी

नमस्कार मंडळी,

धागा लांबतोय, पण अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला द्यावा लागू नये म्हणून सगळं लिहिते.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. माझे वडील, अण्णा, वय ६८. ३५ वर्षं रोज एक बंडल विड्या ओढल्या. सहा वर्षांपूर्वी नातू झाला त्या आठवड्यात सोडल्या त्या सोडल्याच. १९८७ साली टीबी होऊन गेला, तेव्हा औषधांचा कोर्स पुरा केला होता. यंदा दिवाळीनंतर खोकला धरला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, तेवढ्यापुरता उतार पडायचा. मग एक्स-रे काढला. तो नुसता उजेडात धरून एका दवाखान्यात सांगितलं, "जुना टीबी उठलाय, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा." थुंकीसुद्धा तपासली नाही. मी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत पोचले होते. मावसभावाने फोनवर अडवलं म्हणून थांबले. थुंकी निगेटिव्ह आली, सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधायची तपासणीही निगेटिव्ह. सीटीत मात्र उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ९ मिलिमीटरची भरीव गाठ निघाली, शेजारी जुन्या टीबीचे चुन्याचे डाग.

गेल्या मंगळवारी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) झाली. नळीतून सलाईन सोडून परत ओढून घेतलेलं पाणी तिथल्या बाईंनी मला दाखवलं: छोट्या बाटलीत गढूळ, किंचित गुलाबी पाणी आणि वर फेस. बाटलीवर मार्करने अण्णांचं नाव लिहिलं होतं, त्यातलं शेवटचं अक्षर ओलाव्याने पुसलं गेलं होतं. ते मीच पुन्हा लिहायला लावलं. रिपोर्ट दोन आले. पेशींच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, फक्त 'नॉर्मल ओरल फ्लोरा', म्हणजे तोंडातले नेहमीचे जंतू. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी सीटी पुन्हा करू, नाहीतर आत्ताच पेट स्कॅन (औषध टोचून कुठली गाठ चमकते ते बघणारं स्कॅन) करून घ्या.

घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र झोप नाही, कारण त्याच रात्री पुण्याच्या भावाने एक लेख पाठवला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या, अजून उपचार सुरू न झालेल्या ८३ रुग्णांच्या श्वासनलिकेतले नमुने तपासले होते. ते काम २०२१ साली छापून आलं. ज्यांच्या खालच्या श्वासनलिकांत व्हेयोनेला, प्रिव्होटेला, स्ट्रेप्टोकोकस असे तोंडातले बॅक्टेरिया जास्त होते, त्यांचा आजार पुढे गेलेला आणि परिणाम वाईट होता. म्हणजे आमच्या रिपोर्टात जे 'नॉर्मल' म्हणून सोडून दिलंय, तेच तर बोलत नसेल ना? अण्णांच्या हिरड्यांतून रक्त येतं, खालचे दोन दात हलतात, रात्री झोपेत ठसका लागतो. तोंडातलं खाली उतरत असणार असं मला वाटतं.

तर जाणकारांनी सांगावं, या बॅक्टेरियांवरून कॅन्सर लवकर ओळखण्याची तपासणी बडोद्यात, अहमदाबादला किंवा मुंबईला कुठे होते का? एका लॅबवाल्याने 'मायक्रोबायोम टेस्ट' (शरीरातल्या जंतूंची तपासणी) करून देतो म्हणून पैसे भरायला सांगितले आणि नमुना मागितला शौचाचा! फुफ्फुसाच्या गाठीसाठी शौच का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी पैसे भरले नाहीत. आणि तीन महिने थांबणं धोक्याचं आहे का? अण्णा रोज सकाळी सीटीची फिल्म सुरसागरच्या बाजूच्या खिडकीत धरून बघतात. काही कळत नाही, तरी बघतात. माझ्याने ते बघवत नाही.

प्रतिसाद

ताई, मी छातीविकाराचा डॉक्टर आहे. अण्णांना मी पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

शौचाच्या टेस्टला पैसे दिले नाहीत हे उत्तम केलंत. भावाने पाठवलेलं काम खरं आहे आणि महत्त्वाचंही. फुफ्फुसं निर्जंतुक असतात असंच आम्ही शिकलो होतो. जंतूंची जनुकं वाचायचं तंत्र आलं तेव्हा ते खोटं ठरलं. त्या संशोधकांनी उंदरांच्या फुफ्फुसात व्हेयोनेला सोडून पाहिला, तर गाठी जोमाने वाढल्या आणि आयएल-१७ नावाचा दाह वाढवणारा रेणू वाढला. पण नीट बघा, ते ८३ जण आधीच कॅन्सर ठरलेले रुग्ण होते. त्यातून आजाराची चाल कळते. गाठ कॅन्सरची आहे की नाही हे एकट्या माणसाच्या बॅक्टेरियांवरून ठरवणारी तपासणी रोजच्या उपचारात आलेली नाही. तोंडातले जंतू थोड्याफार प्रमाणात धडधाकट माणसाच्या फुफ्फुसातही उतरतात.

शिवाय तुमच्या कल्चरला ते दिसणारच नव्हते. व्हेयोनेला आणि प्रिव्होटेला हवेत वाढत नाहीत, साध्या प्लेटवर उगवत नाहीत. त्यात दुर्बीण तोंडातून किंवा नाकातून जाते, वाटेतले जंतू सोबत नेते. आणि अण्णांचे अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेलेत. तेव्हा त्या ओळीतून भीतीही घेऊ नका, दिलासाही घेऊ नका.

खरी काळजीची गोष्ट दुसरीच आहे. बाहेरच्या बाजूची ९ मिलिमीटरची गाठ साध्या ब्रॉन्कोस्कोपीच्या हाती बरेचदा लागतच नाही. पेशी दिसल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही, असं घरात कुणी धरून बसू नये. ८ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भरीव गाठीला तीन महिन्यांनी सीटी, पेट किंवा बायॉप्सी हे तिन्ही मार्ग मान्य आहेत. वय, विड्या आणि वरच्या भागातली जागा बघता मी स्वतः थांबलो नसतो. पेटमध्ये टीबीची गाठही चमकते, त्यामुळे पेट 'पॉझिटिव्ह' आला तरी तुकडा काढूनच खात्री करतात. एखादी जुनी सीटी किंवा एक्स-रे घरात असेल तर शोधा. गाठ पूर्वीचीच आणि तेवढीच असेल तर सगळं चित्र बदलतं.

दातांच्या डॉक्टरकडे जरूर न्या. गाठ त्याने जाणार नाही, पण रात्रीचा ठसका आणि हिरड्या दोन्ही बघायलाच हव्यात.

प्रतिसाद

माझ्या सासऱ्यांची बायॉप्सी अहमदाबादच्या सिव्हिलच्या आवारातल्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये झाली. सीटीत बघत सुई घालतात. फुफ्फुसातून हवा सुटली नाही ना हे बघायला नंतर एक्स-रे काढतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आमची तारीख त्यापायीच पुढे गेली होती.

धागाकर्ती

डॉक्टर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. ते उठले आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. २०१९ साली हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला छातीचा एक्स-रे सापडलाय, कोपरा चिकटलाय पण फिल्म शाबूत आहे. उद्या तो घेऊन जातेय आणि पेटचं विचारतेय. रक्त पातळ करायची इकोस्प्रिन चालू आहे, तेही कागदावर लिहून ठेवलं.

सासऱ्यांबद्दल लिहिलंत त्या ताईंना एक विचारायचं आहे. बायॉप्सीनंतर त्याच दिवशी सोडलं होतं का? अण्णांना घेऊन मी एकटीच जाणार आहे, रात्री राहावं लागलं तर बरोबर कुणाला तरी घ्यावं लागेल.