'ब्रेकिंग डॉन – भाग २'मधील बर्फावरची लढाई: फसवणूक की कथेचा रास्त शेवट?

प्रश्न : चांदणवेल

गेल्या आठवड्यात 'ट्वायलाइट' मालिकेतील पाचही चित्रपट ओळीने पाहिले आणि २०१२ साली आलेल्या शेवटच्या चित्रपटापाशी मी पुन्हा एकदा अडले. स्टेफनी मायर यांच्या २००८ सालच्या कादंबरीत कलन हे व्हॅम्पायर कुटुंब आणि व्हॅम्पायरांवर राज्य करणारे वोल्तुरी बर्फाच्छादित माळावर समोरासमोर येतात, नायिका बेलाची मुलगी रेनेस्मी धोकादायक आहे का यावरून बराच वेळ वाद चालतो आणि आयरिना या व्हॅम्पायरचा बळी सोडला तर लढाई न होताच वोल्तुरी माघारी फिरतात. बिल कॉन्डन यांच्या चित्रपटात मात्र त्याच माळावर घनघोर संग्राम होतो. कलनांचा कुटुंबप्रमुख कार्लाइल मारला जातो, त्याच कुटुंबातला जॅस्पर मारला जातो, आणि शेवटी कळते की हे सारे कलन कुटुंबातल्या ॲलिसने वोल्तुरींचा म्होरक्या आरो याला दाखवलेले भविष्य होते. पहिल्यांदा पाहताना कार्लाइलसाठी मी खरोखर रडले होते. ते घडलेच नाही हे कळल्यावर सुटकेपेक्षा रागच अधिक आला. ज्यांनी पुस्तक आणि चित्रपट दोन्ही अनुभवले आहेत, त्यांना मनापासून विचारते: पडद्यावर लढाई हवी म्हणून केलेली ही केवळ युक्ती आहे, की कथेतच तिला आधार आहे?

उत्तर : पानोपानी

चांदणवेल, आधार आहे आणि तो भक्कम आहे, असे माझे मत आहे. ॲलिसला भविष्य दिसते, पण ते माणसांनी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. निर्णय बदलला की दृश्यही बदलते. आरोला समोरच्याच्या मनात आजवर आलेला प्रत्येक विचार वाचता येतो, मात्र त्यासाठी त्याला स्पर्श करावा लागतो. म्हणजेच ॲलिसने आपला हात आरोच्या हातात दिला की तिला दिसणारे भविष्य त्यालाही दिसणार, आणि ही गोष्ट शेवटच्या चित्रपटासाठी ऐनवेळी शोधून काढलेली नाही. मालिकेच्या दुसऱ्या भागात, म्हणजे 'न्यू मून'मध्ये, वोल्तुरींच्या दालनात ॲलिसने नेमके हेच केले होते: बेला पुढे व्हॅम्पायर होणार आहे हे तिने आरोला हाताच्या स्पर्शातून दाखवले आणि त्यामुळेच तेव्हा सर्वांचे प्राण वाचले.

आता लढाईचा शेवट पुन्हा एकदा पाहा. मशालीची ज्वाळा आरोपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्याच क्षणी पडद्यावर त्याचा चेहरा येतो. हात अजून ॲलिसच्या हातात आहे, डोळे विस्फारलेले आहेत, आणि शतकानुशतके इतरांना मृत्युदंड देणाऱ्या या माणसाने नुकताच स्वतःचा मृत्यू पाहिलेला आहे. मायकेल शीन यांनी ती भीती ज्या तऱ्हेने चेहऱ्यावर आणली आहे, तेवढ्यासाठीसुद्धा मी हा बदल स्वीकारीन.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पुस्तकात हा प्रसंग बेलाच्या तोंडून येतो. इतरांच्या शक्ती रोखणारी तिच्या मनाची ढाल कशी ताणली जाते, वोल्तुरींमधील जेन आणि ॲलेक यांचे हल्ले तिच्यावर कसे आदळून विरतात, हे सारे ती आतून सांगते, म्हणून लढाई नसतानाही वाचकाचा श्वास रोखलेला राहतो. पडद्यावर मात्र ती केवळ कपाळाला आठ्या घालून उभी राहिलेली दिसली असती. मेलिसा रोझेनबर्ग यांच्या पटकथेने आतला ताण बाहेर आणण्यासाठी कथेतीलच दोन शक्ती वापरल्या, याला मी फसवणूक म्हणणार नाही.

उत्तर : अरण्यवाट

पानोपानी यांचे विवेचन आवडले, परंतु एक मोठी अडचण त्यातून निसटते आहे. ॲलिसला लांडगे, म्हणजे लांडग्याचे रूप घेणारी जेकबसारखी माणसे, भविष्यात दिसत नाहीत. बेलाने कड्यावरून उडी मारली तेव्हा ॲलिसला ती उडी दिसली, पण जेकबने तिला वाचवलेले दिसले नाही, हा दुसऱ्या भागाचा कणा आहे. आपण कधी लांडगा नव्हतो म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत, अशी कारणमीमांसा पुस्तकात ती स्वतःच देते, आणि रेनेस्मीच्या बाबतीतही तेच. असे असताना ज्या दृष्टान्तात सेथ हा लांडगा पडतो, कार्लाइलची पत्नी एस्मी हिला वाचवताना लिआ ही लांडगी भूगर्भात कोसळते आणि जेकब रेनेस्मीला पाठीवर घेऊन पळतो, तो दृष्टान्त ॲलिसचा कसा असू शकेल? मालिकेचा नियम मालिकेनेच मोडला आहे.

माझी दुसरी तक्रार नाहुएलविषयी आहे. रेनेस्मीसारखाच अर्धा माणूस आणि अर्धा व्हॅम्पायर असलेला हा तरुण दक्षिण अमेरिकेतून साक्ष देण्यासाठी येतो आणि रेनेस्मी कोणाला घातक नाही हे सिद्ध होते. पुस्तकात पारडे फिरते ते या साक्षीमुळे, म्हणून मला तो शेवट अधिक न्याय्य वाटतो. चित्रपटात तो येईपर्यंत आरो स्वतःच्या मरणाला घाबरून मनाने माघारी फिरलेला असतो, त्यामुळे साक्षीला केवळ उपचाराची जागा उरते.

उत्तर : पानोपानी

लांडग्यांचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. नाहुएलविषयी मात्र मी इतका कठोर होणार नाही, कारण आरो घाबरलेला असला तरी वोल्तुरींचा दुसरा नेता केयस मागे हटायला तयार नसतो, आणि साऱ्या साक्षीदारांसमोर मान खाली न घालता परत जाण्यासाठी वोल्तुरींना कायद्याचे निमित्त हवेच असते.

प्रतिसाद : चांदणवेल

आपणा दोघांचेही मनापासून आभार. लांडग्यांची गोष्ट इतक्या वेळा पाहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. काल रात्री ते शेवटचे अर्धा तास पुन्हा पाहिले आणि या वेळी लढाईपेक्षा तिच्यानंतरच्या कुरणातल्या प्रसंगापाशी थांबले. बेलाचा पती असलेल्या ज्या एडवर्डला सगळ्यांची मने ऐकू येत होती आणि फक्त बेलाचे नव्हते, त्याचा चेहरा ती हातांत धरते, आपली ढाल प्रयासाने दूर सारते आणि पहिल्या भेटीपासूनच्या आठवणी त्याला दाखवते. थोड्याच वेळापूर्वी ॲलिसने आरोला स्पर्शातून मरण दाखवले होते, आणि इथे बेला त्याच मार्गाने आपले सारे प्रेम दाखवते आहे. हे साम्य दिसले तेव्हा लढाईवरचा माझा राग बराचसा ओसरला. कार्लाइलसाठी मात्र मी कालही रडले.