इंजिन बंद पडलं की आधी वैमानिकच दोषी?

पश्चिमवारा: ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं खाली आली. 19 तारखेला काटफळला, 22 ला गोजुबावीजवळ. त्यावर 'सडेतोड' यांनी काल लिहिलं, "पैसे भरून लायसन्स घेणाऱ्या पोरांकडून दुसरं काय होणार? पेट्रोल बघायला विसरले असतील." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

5 मार्च 2015 ला हॉलिवूडचा नट हॅरिसन फोर्ड स्वतःचं 1942 सालचं पीटी-22 हे छोटं विमान घेऊन अमेरिकेतल्या सांता मोनिकाहून निघाला आणि उड्डाणानंतर लगेच इंजिनाची ताकद गेली. परत फिरताना धावपट्टी गाठणं शक्य नाही हे दिसल्यावर त्याने शेजारच्या गोल्फ मैदानावर विमान टेकवलं. लोकांनी लगेच वय काढलं, 72 वर्षांचा म्हातारा कशाला उडवतो म्हणून. त्याच वर्षी एनटीएसबीचा, म्हणजे तिथल्या अपघात तपास संस्थेचा, अहवाल आला. कार्बोरेटरमधला (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला) मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक तोंड, आट्यांमधून सैल होऊन सुटला होता. इंधन भसाभस जायला लागलं आणि इंजिन गुदमरलं. वय, हात, अनुभव, कशाचाच संबंध नव्हता. अहवाल येईपर्यंत तोंड आवरायला काय जातं?

सडेतोड: हॉलिवूडच्या नटाचं उदाहरण देऊन बारामतीतलं काही सिद्ध होत नाही. त्याच्याकडे पन्नास वकील असतील. आपल्याकडे बोललं नाही तर विषय तिथेच संपतो.

लेकीचा_बाप: पश्चिमवारा, तुमचं 'थांबा' मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय संकेत प्राथमिक अहवालाला 30 दिवस आणि अंतिमला शक्यतो 12 महिने असा आहे. माझी मुलगी एका विमान प्रशिक्षण संस्थेत शिकतेय. रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, डाव्या मॅग्नेटोवर (ठिणगी देणाऱ्या यंत्रावर) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, फार पडला, तिने टेक लॉगमध्ये (विमानाच्या देखभाल वहीत) नोंद केली. दुसऱ्या दिवशी त्यापुढे 'ग्राउंड चेक, ओके' एवढंच, आणि त्याच विमानावर पुन्हा तिचंच नाव. सेसना 152 या शिकाऊ विमानाला 125 आरपीएमच्या वर ड्रॉप (घट) चालत नाही, हे मला तिच्यामुळे पाठ झालं. रात्री फोनवर ती विचारते, बाबा, नाही म्हणू का? नाही म्हटलं की उड्डाणाचे तास मागे पडतात, आणि कर्ज माझ्या नावावर. या बापाने वर्षभर अहवालाची वाट बघायची? आम्ही अंदाज बांधणार, मोठ्याने बांधणार.

पश्चिमवारा: तुम्ही देखभालीबद्दल बोलताय, सडेतोड पोरांच्या लायकीबद्दल. दोन्ही एका मापाने मोजू नका.

पाना_दहा_बारा: हँगरमध्ये विमानं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय, म्हणून दोघांनाही सांगतो. 'पेट्रोल विसरले' हे बाहेरच्या माणसाला सगळ्यात सोपं सुचतं. 152 चे इंधनाचे गेज कुणी देव मानत नाही. पंखाजवळ चढून टाकीत डिपस्टिक घालून बघायचं असतं, आणि पोरं ते बघतात. कार्बोरेटरमधल्या बर्फाबद्दल मात्र इथे कुणी अवाक्षर काढलेलं नाही. लग्नात मोठी शेगडी पेटवली की भर उन्हात सिलिंडरवर पांढरं दव साचतं, तेच व्हेंच्युरीत, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद घशात, होतं. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर 25 अंश आणि पावसाळी दमट हवा असली, थ्रॉटल कमी करून खाली येताना कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढली नाही, की घसा बंद. आणि जमिनीवर आल्यावर अर्ध्या तासात ते वितळून जातं. तपासणाऱ्याला सुटा भाग नाही, तुटका पाइप नाही, काही सापडत नाही. मग तोही हवामान बघून अंदाजच करतो. म्हणून 'अंदाज नकोच' हेही मला मान्य नाही.

सडेतोड: म्हणजे हीट ओढायला वैमानिक विसरला. माझंच म्हणणं झालं.

पाना_दहा_बारा: हीटची केबल सुटलेली असली तर? गरम हवेचा फ्लॅप (झडप) पुरता उघडतच नसला तर? मी दोन्ही पाहिलंय. उगाच टाळी मागू नका.

जिरायती: तुमचं कार्बोरेटर चालू द्या. ज्याच्या रानात विमान पडतं त्याचं कोण बोलणार? माझ्या चुलतभावाच्या कांद्यात असंच एक उतरलं. विमानाने चार वाफे मोडले. बाकीचं रान तीन गावच्या माणसांनी तुडवलं, सेल्फी काढायला. ठिबकच्या नळ्या पायाखाली फुटल्या. सांगाडा हलवेपर्यंत शेतात पाय टाकायला बंदी. तलाठी म्हणाला, नैसर्गिक आपत्ती नाही, माझ्या हातात काही नाही. संस्थेचा माणूस नमस्कार करून गेला तो गेलाच.

सडेतोड: विषयांतर. वेगळा धागा काढा.

जिरायती: का? तुमचं मत फुकट आहे, आमचं बी-बियाणं नाही. विमानातली पोरगी वाचली याचा भावाला आनंदच झाला, पहिलं पाणी त्यानेच पाजलं. पण भरपाई मागितली की आम्ही लालची?

लेकीचा_बाप: नाही. जिरायतींचं शंभर टक्के बरोबर आहे. विम्याची कंपनी कोणती, हे शेतकऱ्याला त्याच दिवशी लेखी कळायला हवं.

उसाचं_पाचट: आमच्याकडे उसात उतरलं असतं तर वरून विहीरही दिसली नसती.

पश्चिमवारा: म्हणूनच पोरांना ऊस टाळायला शिकवतात. सरीच्या दिशेने उतरायचं, तारा दिसत नाहीत म्हणून खांब शोधायचे, 60 नॉट्स वेग धरून ठेवायचा, उंची कमी असेल तर धावपट्टीकडे वळायचा मोह टाळायचा. शेतात उतरून माणूस चालत बाहेर आला म्हणजे शिकवलेलं कामी आलं. सडेतोड ज्याला नालायकी म्हणतात ती हीच.

सडेतोड: ठीक. पेट्रोलचं वाक्य मागे घेतो, पुरावा नव्हता. पण त्या ऑक्टोबरात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, त्या विमानांच्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं ते अहवाल येण्याआधीच, हे विसरू नका. सगळे गप्प बसले असते तर थांबवलं असतं का?

पश्चिमवारा: ते पाठोपाठच्या घटना बघून थांबवलं, तुमच्या टोमण्यांमुळे नाही. तरी बापाचा मुद्दा मान्य करावा लागतोय. अंदाज करा, पण यंत्राबद्दल करा. ज्याचं नाव गावभर झालंय त्या पोराबद्दल नको.

लेकीचा_बाप: पाना, एक विचारतो. मॅग्नेटो ड्रॉपची नोंद केल्यावर पुढे नेमकं काय मागायचं?

पाना_दहा_बारा: 'ओके' वर समाधान मानायचं नाही. प्लग काढले का, कोणते, कुणी सही केली, एवढं लॉगमध्ये दिसलं पाहिजे. नसेल तर मुलीला सांगा, विमानात बसू नकोस. तास भरून निघतात.

जिरायती: आणि विमा कंपनीचं नाव?

पाना_दहा_बारा: ते संस्थेच्या कागदात असतंच. भावाला लेखी अर्ज करायला सांगा, पोच घ्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. मजकूर मी लिहून देतो.